उजवे पान कोरे आहे : मराठी संपादकांना एका ग्रंथपालाचे खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात, मी गेली चोवीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करते आहे. रोज सकाळी साडेसातला कुलूप काढल्यावर वर्तमानपत्रांच्या घड्या उलगडायच्या, प्रत्येकावर वाचनालयाचा शिक्का मारायचा आणि ती तिरप्या लाकडी स्टँडवर लावायची, हे माझे पहिले काम असते. शिक्क्याची शाई वाळण्याआधीच पहिले वाचक येतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात येणारे रिक्षावाले असतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आणि प्रत्येक बातमीतील आकडे वहीत उतरवून घेणारी मुले असतात, आणि मुलांना शाळेत सोडून परत जाताना अर्धा तास टेकणाऱ्या काही बायकाही असतात. तुमचा अंक किती खपतो याचे आकडे तुमच्याकडे येत असतील, पण तो कसा वाचला जातो हे मला रोज समोर दिसते, आणि म्हणूनच हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी आमच्याकडेही दरवर्षी तालुक्यातील वार्ताहरांना गुलाबाचे फूल देण्याचा छोटासा कार्यक्रम होतो. यंदा तो झाल्यानंतर हे पत्र लिहायचे मी ठरवले.

या स्टँडपाशी मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. “मॅडम, त्याचं पुढे काय झालं हो?” विचारणारा कधी पुलाबद्दल विचारतो, कधी एखाद्या चौकशीबद्दल, कधी कुठल्या तरी हरवलेल्या मुलीबद्दल. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मी झोपेतही सांगू शकते, पण या प्रश्नाचे उत्तर मला बहुतेक वेळा देता येत नाही, कारण ते तुमच्या अंकांत आलेलेच नसते.

याच प्रश्नामुळे 2014 साली मी कात्रणवही सुरू केली. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि 151 माणसे दगावली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला समोर गावच दिसेना आणि त्याने सांगितल्यामुळे ती घटना जगाला कळली, ही बातमी वाचताना आमच्या वाचनमंदिरात त्या दिवशी कोणी पान उलटत नव्हते. आमच्याही डोक्यावर डोंगर आहे. त्या दिवशीच्या अंकांतून मी पहिले कात्रण काढले आणि दोनशे पानी वहीत खळीने चिकटवले. डाव्या पानावर बातमी, आणि उजवे पान तिच्या पुढच्या बातमीसाठी मोकळे, अशी पद्धत तेव्हाच ठरवली. आज अशा अकरा वह्या झाल्या आहेत. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून त्यांत कडुनिंबाचा पाला ठेवावा लागतो, तेव्हा दरवर्षी त्या पानन् पान उलटल्या जातात. डावी पाने भरगच्च आहेत आणि उजवी बहुतेक कोरी आहेत. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, आणि ते नीट पोहोचावे म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

सगळी उजवी पाने कोरी नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. माळीणचे उजवे पान भरलेले आहे, कारण एप्रिल 2017 मध्ये नवे गाव उभे राहून लोकांच्या हाती घरे आली तेव्हा तुम्ही पुन्हा तिथे गेलात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. पुढच्या जूनमध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला, तेही माझ्या वहीत आहे. मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल पाच महिन्यांनी, 27 फेब्रुवारी 2018 ला सुरू झाला, तेही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 चा. त्याचे पहिले कात्रण मी जुन्या फायलींतून नंतर काढून लावले. त्या उजव्या पानाला इतक्या पुरवण्या जोडाव्या लागल्या की वही फुगली, आणि 10 मे 2024 रोजी दोघांना जन्मठेप आणि तिघांची सुटका असा निकाल आला तो कागद मी शेवटच्या पुरवणीवर लावला. ही बातमी जवळजवळ अकरा वर्षे जिवंत राहिली ती कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जमत राहिले म्हणून, आणि तुम्ही दर वेळी थोडी का होईना जागा देत राहिलात म्हणून. तेव्हा पाठपुरावा तुम्हाला जमत नाही असे मी म्हणतच नाही. तो जमतो, आणि तो झाला की त्याचे मोल किती असते हे या पानांनीच मला शिकवले.

मात्र उजव्या पानावर काय लागते याकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले की बातमी येते, कारण तिथे मंत्री येतात, फीत कापली जाते, निमंत्रणे जातात. ज्यात उद्‌घाटनासारखे काही नसते, ती कामे उजव्या पानावर येत नाहीत. माळीणनंतर दरडप्रवण गावांच्या याद्यांची पुष्कळ चर्चा झाली. मग 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातील तळिये गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. मग 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. तिथे 27 मृतदेह हाती लागले, आणि उरलेली 57 माणसे बेपत्ता आहेत असे सांगून चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे तेव्हा विधिमंडळात सांगितले गेले. हे कात्रण चिकटवताना माझा हात थांबला. यादीत कोणती गावे आहेत, ती कोणी आणि कधी पाहणी करून ठरवली, कोणती वगळली आणि का वगळली, त्यातल्या किती गावांत खरोखर काही काम झाले, ही बातमी 2015 मध्ये, 2016 मध्ये, दर वर्षी मे महिन्यात यायला हवी होती. कदाचित कुठल्या तरी आवृत्तीत ती आलीही असेल, पण आमच्या स्टँडवर येणाऱ्या अंकांत मी ती शोधली आणि मला सापडली नाही. आमच्या वाचकांनी तर ती सगळ्यांत आधी आपल्या वाडीचे नाव शोधण्यासाठी वाचली असती.

आगीचेही तसेच. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळे गेली. त्या आठवड्याच्या सर्व अंकांत ‘फायर ऑडिट’ हा शब्द आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, आणि वहीच्या डाव्या पानावर पुन्हा तोच शब्द आला. मधल्या दहा महिन्यांत राज्यातील किती रुग्णालयांची तपासणी झाली, तपासणीत निघालेल्या त्रुटी दूर करायला पैसे मिळाले का, आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात कोणी येऊन पाहिले का, याचे एकही कात्रण माझ्याजवळ नाही. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका परिचारिकेने हे पान पाहिले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुलांची पाने लिहायला घेतली तर पत्र लांबेल. सावित्रीनंतर जुन्या पुलांच्या तपासणीची घोषणा डाव्या पानावर आहे. मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी कोसळला आणि चौघांचा जीव गेला, तेव्हा तीच घोषणा दुसऱ्या डाव्या पानावर आली. घाटकोपरच्या छेडानगरात 13 मे 2024 ला वादळी वाऱ्यात पेट्रोलपंपावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि 17 जण दगावले. तो फलक 120 फूट लांब आणि 120 फूट रुंद होता. तो कोसळण्याच्या आधीच्या दिवसांत तो बातमी नव्हता, जरी पूर्वद्रुतगती मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसत होता.

आता तुम्ही म्हणाल की रोज नवे घडते, पाने मर्यादित आहेत, जुन्या गोष्टींना जागा आणायची कुठून. याचे उत्तर तुमच्याच अंकात आहे आणि मी ते रोज पाहते. आमच्याकडे येणारे बागायतदार पहिले पान नंतर वाचतात. आधी ते आतल्या पानाच्या कोपऱ्यातील बाजारभावाची चौकट पाहतात. ती रोज त्याच जागी असते, चार ओळींची असते आणि काल काय होते व आज काय आहे एवढेच सांगते. पावसाळा सुरू झाला की तशीच धरणसाठ्याची चौकट येते. कोयनेची क्षमता 105 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात आज किती पाणी, गेल्या वर्षी याच तारखेला किती होते. या चौकटीसाठी ना बातमीदाराला धावपळ करावी लागते ना मथळा शोधावा लागतो, तरी माझे वाचक तिच्यावर बोट ठेवून ती मोठ्याने वाचतात. एखादे दिवशी ती आली नाही तर मला येऊन विचारतात. म्हणजे एकाच गोष्टीचा महिनोन्‌महिने, न कंटाळता, एकाच जागी हिशेब देण्याची रीत मराठी वृत्तपत्रांना फार जुनी आणि चांगली माहीत आहे. भावाला आणि पाण्याला जो मान तुम्ही देता, तो सरकारने दिलेल्या वचनाला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

तशी चौकट कशी असेल हे मी माझ्यापुरते करून पाहिले आहे. वाचनालयाच्या दारातील फळ्यावर, सुविचाराच्या जागी, गेले वर्षभर मी दर सोमवारी एक बातमी लिहिते : काय घडले, कोणत्या तारखेला घडले, कोणी काय करायचे कबूल केले, किती दिवसांत करायचे कबूल केले, आणि आज किती दिवस झाले. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण 2011 मध्ये पनवेल ते इंदापूर या टप्प्यात सुरू झाले. तेव्हापासून काम पूर्ण होण्याच्या जितक्या तारखा छापून आल्या तितक्या मी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा फळा पुरला नाही. त्या आठवड्यात लोक फळ्यासमोर उभे राहून वाचत होते. पुस्तक बदलायला कधीच न येणारे लोकही थांबत होते. कोणी शिवी दिली नाही की घोषणा दिली नाही. एका रिक्षावाल्याने राहिलेली एक तारीख मात्र सांगितली, आणि ती बरोबर निघाली.

पुन:पुन्हा छापलेल्या बातमीने माणूस कसा बचावतो, तेही सांगते. आमच्या एका ज्येष्ठ वाचकांना मागच्या वर्षी व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी गणवेशातला माणूस, तुमच्या नावाने पार्सल सापडले आहे, तुम्ही घरातून हलायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या या फसवणुकीच्या बातम्या तुम्ही सर्वांनी त्या काळात जवळजवळ रोज दिल्या होत्या आणि 1930 हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांकही प्रत्येक वेळी छापला होता. त्यांनी फोन बंद केला आणि चपला घालून थेट वाचनालयात आले. हात थरथरत होते. स्टँडवरच्या अंकात त्यांनी तीच बातमी पुन्हा काढून वाचली आणि मगच पाणी प्यायले. ती बातमी एकदाच छापून तुम्ही थांबला असता, तर त्यांची पेन्शनीची पुंजी गेली असती.

आता माझ्या वहीतले एक पान, जे माझ्या घराशेजारचे आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या गावापासून तीन किलोमीटरवर एका ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पायपूल, पहिल्याच मोठ्या पावसात वाहून गेला. पलीकडच्या वाडीतील मुले शाळेसाठी कमरेएवढ्या पाण्यातून येत होती. एका मुलाने दप्तर डोक्यावर धरले आहे, धाकट्या बहिणीने त्याचा सदरा मागून मुठीत घट्ट पकडला आहे, असे छायाचित्र तुमच्यापैकी एकाच्या जिल्हा पुरवणीत पहिल्या पानावर आले. दुसऱ्या दिवशी वाहिनीची गाडी आली. तिसऱ्या दिवशी अधिकारी आले आणि पाऊस ओसरल्यावर दोन महिन्यांत नवा साकव देऊ असे म्हणाले, तेही छापून आले. त्यानंतर काही नाही. माणसे एवढी शांत झाली की जणू साकव झालाच. छायाचित्रातला तो मुलगा आता नववीत आहे आणि शनिवारी वाचनालयात येतो. मागच्या महिन्यात त्याने मला तो अंक मागितला. मी वही काढून दिली. त्याने आपला फोटो फार वेळ पाहिला नाही. खालची ओळ वाचली आणि “दोन महिने म्हणजे कधीपासून दोन महिने?” असे विचारले. वाडीतल्या लोकांनी तिथे दोन माडांची खोडे आडवी टाकली आहेत. मुले त्यावरून येतात. बहीण अजूनही त्याच्या मागेच असते.

या प्रकरणात मी कोणा एका कार्यालयाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते तुमच्या बाजूचे. ती बातमी देणारा तरुण वार्ताहर मला भेटला होता. पुन्हा का लिहिले नाही, असे मी विचारले. त्याने दोनदा लिहून पाठवले होते. ‘यात नवीन काय?’ असे उत्तर मुख्य कार्यालयातून आले. त्याच आठवड्यात त्याला वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या होत्या, आणि त्या त्याला ज्यांच्याकडून मिळणार होत्या त्यांतच ओढ्यावरचे काम ज्यांना मिळू शकते असे दोन ठेकेदारही होते. त्याला बातमीमागे मिळणाऱ्या मानधनात मोटारसायकलचे पेट्रोल सुटत नाही. हे सर्व तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, म्हणून त्यावर मी जास्त लिहीत नाही. फक्त एवढे म्हणते की ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला. वार्ताहर जे लिहून पाठवत होता त्यात काहीही नवीन नव्हते, आणि दोन महिन्यांची मुदत संपूनही काही नवीन झालेले नव्हते, हीच तर बातमी होती.

दुसरी एक अडचण जिल्हा पुरवण्यांची आहे. पूर्वी आमच्याकडचे अंक मुंबईहून एकच यायचे. आता प्रत्येक जिल्ह्याची आवृत्ती वेगळी झाली, आमच्या गावाचे नाव वरचेवर छापून येऊ लागले, याचा आम्हाला आनंदच झाला. पण आमची बातमी आता आमच्यातच फिरते. साकवाचे छायाचित्र ज्यांनी निधी द्यायचा त्यांच्या टेबलावरच्या मुंबईच्या आवृत्तीत नव्हते. महिन्यातून एकदा तरी जिल्ह्याजिल्ह्यांतील अशी मुदत संपलेली आश्वासने मुख्य अंकात एका पानावर एकत्र यावीत. एकेकटी ती लहान दिसतात. शेजारी शेजारी ठेवली की साकवांचा, शाळाखोल्यांचा, पाण्याच्या टाक्यांचा केवढा मोठा प्रश्न आहे हे कोणालाही न सांगता कळेल.

वाहिन्यांच्या संपादकांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. दुर्घटनेचा स्मृतिदिन तुम्ही पाळता, वर्षाच्या त्या दिवशी कॅमेरा तिथे जातो, आईला पुन्हा विचारले जाते आणि ती पुन्हा रडते. ते दृश्य पाहताना आमच्या वाचनालयातल्या बायका टीव्हीकडे पाठ फिरवतात. मला असे वाटते की स्मृतिदिनाऐवजी मुदतीच्या दिवशी जावे. ज्या तारखेला अहवाल द्यायचा होता, ज्या तारखेला घरे द्यायची होती, ज्या तारखेला तपासणी संपायची होती, त्या तारखेला कॅमेरा त्या आईच्या दारात न नेता ज्याने तारीख दिली त्याच्या दारात न्यावा आणि शांतपणे एकच प्रश्न विचारावा. उत्तर नाही मिळाले तरी चालेल, दार दाखवावे.

माझ्या अकरा वह्या कोणत्याही वार्ताहराला, कोणत्याही वर्तमानपत्राच्या असोत, वाचनालयात बसून पाहता येतील. त्यासाठी सभासद असण्याची गरज नाही आणि शुल्क नाही. वाचनालय सकाळी साडेसात ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडे असते, सोमवारी दुपारनंतर बंद असते. बांधीव फायली 1994 पासूनच्या आहेत, 2005 च्या पुरात भिजलेले चार महिने मात्र गेले. आधी एखादे पोस्टकार्ड टाकलेत तर हव्या त्या वर्षाची फाइल मी माळ्यावरून काढून, धूळ झटकून टेबलावर ठेवीन. साकवाबद्दल कोणी लिहिणार असेल तर त्याने जूनच्या आत यावे. पाऊस लागला की ती खोडे निसरडी होतात.

आपली,
एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल